एक फावडं खोल

माळ, ६ नोव्हेंबर २०१७

एफी,

काल पालिकेच्या कचेरीत मला तुझी सही दाखवली. आईची कबर हलवायला आपली हरकत नाही, असं तू लिहून दिलं आहेस. खाली एफ्राइम टेमर्स, पर्थ, ऑस्ट्रेलिया. सहीच्या शेवटची ती शेपटी अजून तशीच वर जाते. इतक्या वर्षांनी सख्ख्या भावाचं अक्षर पाहिलं ते असं, दुसऱ्याच्या फायलीत.

मी रागावून लिहीत नाही. तुला त्यांनी काय नि किती कळवलं ते मला ठाऊक नाही, म्हणून इथलं सांगतो. जुन्या बेथाबाराचं आता काही उरलेलं नाही. गोऱ्या सरकारने आपल्याला ट्रकांत घालून इथे माळावर आणलं, त्यानंतर घरं पाडली, मग चर्च पाडलं. राहिली ती टेकाडावरची कबरस्तानं, एक बायकांचं, एक पुरुषांचं, आणि टेकाडाभोवतीचं खाजण. त्या खाजणात विद्यापीठाच्या एका बाईने नळी खुपसून चिखलाची लांब कांडी बाहेर काढली. त्या कांडीवरून असं निघालं म्हणे, की समुद्र एका पिढीत हातभर वर आला. असाच आणखी एकदा आला तर टेकाडाचा खालचा उतार पाण्यात जाईल. म्हणून पालिका सगळ्या कबरी उकरून इथे, नव्या चर्चच्या मागे, आणणार आहे. प्रत्येक कबरीला हयात मुलांची संमती लागते. सगळ्यांनी दिली. आईच्या नावापुढे दोन जागा आहेत. एकीत तुझी सही आहे, दुसरी कोरी आहे.

ती कोरीच राहील, एवढं कळवण्यासाठी हे पत्र. जिवंत माणसांना एकदा उचलून आणलं. आता मेलेल्यांनाही उचलणार. आई त्या जागेसाठी किती भांडली ते तू पाहिलं आहेस.

इथलं पोस्ट अर्धा वेळ बंद असतं, त्यामुळे शार्मेन या पत्राचा फोटो काढून तुझ्या मुलीच्या फोनवर पाठवेल. शार्मेन म्हणजे माझी सून. ती म्हणते, "बाबा, सरळ फोनच करा की काकांना." फोनवर मी नुसता गप्प बसतो हे तिला माहीत नाही. तुला माहीत आहे.

मनास

माळ, १४ जानेवारी २०१८

एफी,

तुझं उत्तर पोचलं. दोन ओळी. 'आई मेली आहे, तिला पाणी काय आणि माती काय. तू जन्मभर मेलेल्या गोष्टींना धरून बसलास, त्यात ही एक.' हे वाक्य तू शेचाळीस वर्षांपूर्वी बंदरावर बोललास त्याचंच धाकटं भावंड आहे. तेव्हा म्हणाला होतास, तू इथे राहतोस म्हणजे त्यांनी केलं ते तुला मान्य आहे. मी तेव्हाही काही बोललो नाही. सोमवारी मला शाळेत शिकवायला जायचं होतं.

असो. मी त्या विद्यापीठाच्या बाईंना भेटून आलो. भांडायलाच गेलो होतो. नाव झोलेका. कोसा जमातीची आहे, वय आपल्या शाळेतल्या नव्या मास्तरणींएवढं असेल. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, पालथ्या बादलीवर बसून चाळणीत चिखल धूत होती. उठायला लागली, मी म्हटलं बसा.

"समुद्राने हातभर उडी मारली असं तुम्ही लिहिलंत," मी म्हणालो. "मी इथे जन्मलो. मला काही उडी दिसली नाही."

"मास्तर, तुमचे केस पांढरे होताना तुम्हाला दिसले होते का?"

मी शेजारची दुसरी बादली पालथी केली आणि बसलो.

तिचं काम असं आहे. खाजणात वाळूच्या कणाहून बारीक जीव असतात, त्यांना कवचं असतात. काही जाती खाली राहतात, जिथे रोजच्या भरतीचं पाणी चढतं. काही वर राहतात, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं. कुणी आपली जागा सोडत नाही. मरतात तिथेच, वर नवा चिखल बसतो, कवचं आत राहतात. कांडीतल्या कुठल्याही थरात कुठल्या जातीची कवचं आहेत ते पाहिलं, की तो थर वर होता तेव्हा पाणी किती उंच होतं ते सांगता येतं.

"म्हणजे आमच्या चर्चसारखं," मी म्हणालो. "बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, म्हातारी माणसं पुढे. उद्या चर्च गाडलं गेलं आणि कुणाला लेटीमावशीची पांढरी टोपी सापडली, तर डावीकडचा पहिला बाक इथे होता असं समजायचं."

ती हसली. "अगदी तसंच. मी टोप्या मोजते."

मग तिने मला कांडीचा फोटो दाखवला. खाली काळपट, मुळांनी विणलेला थर. त्यात सगळी वरच्या बाकावरची मंडळी. त्याच्यावर एकदम राखाडी, मऊ चिखल, आणि त्यात सगळी खालच्या बाकावरची. मधे चढण नाही, पायरी नाही. जणू एका रविवारी सगळी माणसं आपापल्या जागी बसली होती आणि पुढच्या रविवारी त्यांच्या डोक्यावर पाणी.

एक गोष्ट तिलाही खटकते, आणि ती तिने लपवलेली नाही. राखाडी चिखलात पाइन झाडाचे परागकण भरपूर आहेत. काळ्या थरात एकही नाही. म्हणजे काळा थर आपल्याकडे पाइन लावायच्याही आधीचा, आणि राखाडी अगदी अलीकडचा. मधली शंभर-दीडशे वर्षं कुठे गेली? तिने अहवालात लिहिलं आहे, एक तर समुद्र खरोखर झपाट्याने चढला, नाही तर मधलं काही गायब आहे. आणखी कांड्या काढाव्यात. पण हे दुसऱ्या पानावर आहे. पालिकेत पहिलंच पान वाचलं गेलं.

भांडण राहूनच गेलं. येताना तिने मला रूइबॉस चहा पाजला, बिनदुधाचा. डॉक्टरने साखर बंद केली आहे, तीही तिने न विचारताच घातली. मी प्यायलो.

मनास

माळ, ३ एप्रिल २०१८

एफी,

परवा ईस्टर झाला. तू पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहितो. सण झाला की मला कुणाला तरी लिहावंसं वाटतं, आणि ज्यांना लिहायचो ते सगळे आता कबरीत आहेत.

हल्ली आम्ही उजाडायच्या आत बसने जातो, पुलावरून मोठा वळसा घालून, पलीकडच्या बाजूने टेकाड चढतो. बँडमध्ये सातच माणसं राहिली. तुतारीवाला पोरगा चांगला आहे, पण वर चढेपर्यंत त्याला धाप लागते. सूर्य खाडीच्या तोंडातून वर येतो, आपण कबरींमध्ये उभे राहतो, गातो, आणि मग पाव आणि गुड फ्रायडेचा मसाल्यात मुरवलेला मासा. लेटीमावशी दर वर्षी म्हणते, "यंदा शेवटचा." गेली बारा वर्षं म्हणते आहे.

बसमधून उतरताना मला आपली वाट आठवली. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात वाट घालायची. सगळ्या घरांतले पुरुष फावडी घेऊन खाजणात. वरच्या अंगाचं गवत मुळांसकट विटांसारखं कापायचं आणि खालच्या चिखलावर एकाला एक लावत न्यायचं, गावापासून टेकाडापर्यंत, म्हणजे म्हाताऱ्या बायांनी घासूनपुसून ठेवलेले काळे बूट खराब होऊ नयेत. वर्षभरात वाट बसायची, पुन्हा घालायची. आणि तो नियम, वडीलधाऱ्यांचा: एक फावडं खोल, त्याखाली नाही. दर वर्षी नवी पट्टी. तीन ईस्टरांत जुन्या पट्टीवर गवत परत येई. मुलांना मी शाळेत भरती-ओहोटीच्या कविता शिकवायचो, तेव्हा डोळ्यांसमोर नेहमी ती वाट असायची, हिरवी, आणि तिच्यावरून पांढऱ्या टोप्यांची रांग.

आणि आईच्या वेळची वाट आठवली. आपण तिघं माळावर येऊन तीन वर्षं झाली होती. तिला टेकाडावर पुरायची परवानगी मिळाली ती एका दिवसापुरती. जुनी वाट पार बसली होती, पेटी न्यायची कशी. लोक कामांवर, आपण दोघंच. तू कापत होतास, मी ढकलगाडी ओढत होतो. खरं तर गाडी धरून उभा होतो, चौथी ओळ जुळवत. तीन ओळी झाल्या होत्या:

तुझ्या पाऊलवाटेवर
पुन्हा हिरवे अंथरले,
भरती थांबली क्षणभर

आणि पुढे काही सुचेना. तू चिखलातून वर पाहून म्हणालास, "कवी, ढकल." मला तेव्हा फार लागलं. आता लिहिताना हसू येतं.

पट्टी मोजायला वेळ नव्हता. टेकाडाच्या पायथ्याशी, त्या वाकड्या झाडापाशी, तू एकाच जागी उभा राहून कापत गेलास, खाली, खाली. जवळचं जवळ घ्यायचं, दुसरं करणार काय. पुढच्या हिवाळ्यात मी फुलं घेऊन गेलो तेव्हा त्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि बदकं पोहत होती. लेटीमावशी म्हणाली, "एफीने जाता जाता तळं करून ठेवलं." नंतर तो हळूहळू भरला. कधी भरला ते सांगता यायचं नाही. आता तिथे सपाट, आखूड, छान सारखं गवत आहे.

इथे मी पेन खाली ठेवलं होतं. चहा घेऊन पुन्हा बसलो आहे.

एफी, झोलेकाने जिथे नळी खुपसली तिथे लाल चिंधीची खुंटी आहे. ती मी रविवारी टेकाडावरून पाहिली. त्या वाकड्या झाडापाशी आहे. जुनी वाट तिने ओळखली होती, तिचा उंचवटा अजून दिसतो. तिच्यापासून ती लांब राहिली. तिला सपाट, अस्पर्श वाटणारी जागा हवी होती, आणि कबरींच्या जवळची.

वरचे थर आपण कापून नेले. खाली उरला जुना काळा थर. मग भरतीने खड्ड्यात नवा चिखल आणला, आणि त्या खड्ड्यात कोण राहायला येणार? खालच्या बाकावरची मंडळी. समुद्राने उडी मारलीच नाही. ती मधली वर्षं तू फावड्याने उचललीस, मी गाडीत घातली, आणि आईची पेटी त्यांच्यावरून गेली.

निदान मला तसं वाटतं. मला जे हवं आहे तेच मला दिसत असेल, हेही आहे.

मनास

माळ, १९ एप्रिल २०१८

एफी,

मी झोलेकाला सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मास्तर, किती खोल?"

मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही, मी कविता करत होतो.

पालिकेच्या माणसालाही तिने बोलावून घेतलं होतं. तो बराच वेळ पेन टिचकवत होता. म्हणाला, "म्हणजे ज्या एका माणसाने सही केली नाही, त्यालाच नेमका आता खड्डा आठवला."

"आठवायला मुळात खड्डा असायला तर पाहिजे," लेटीमावशी म्हणाली. ती साक्षीला आली होती. "तुमचा जन्म झाला नव्हता, तेव्हा मी तिथे बदकं पाहिलीत."

"मावशी, तुमचं वय काय?"

"तुझ्या आईला विचार. तिचं नाव मीच सुचवलं."

पण त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. लेटीमावशीने खड्डा पाहिला, कापताना पाहिलं नाही. किती खोल, कुठून कुठवर, खाली काय लागलं, हे एकालाच माहीत आहे, आणि त्या एकाची सही माझ्या विरुद्ध आधीच झालेली आहे. माझा खड्डा खरा ठरला तर तुझी सही वाया जाईल. तरी विचारतो. तू जे सांगशील तेच मी त्यांच्यापुढे ठेवीन. एक फावडं म्हणालास तर एक.

मनास

माळ, ११ जून २०१८

एफी,

तू रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप पोचला, तुझा आवाज ऐकला. शार्मेनने फोन टेबलावर ठेवला, आम्ही सगळे भोवती, आणि तू बोललास. आवाज बाबांसारखा झाला आहे. लेटीमावशी म्हणाली, "अगं बाई, हा तर अजून आपल्यासारखंच बोलतो." तिला वाटलं होतं तू आता इंग्रजीत खोकत असशील.

"तीन फावडी," तू म्हणालास. "चौथं आत जाईना. खाली काळं होतं, मुळंच मुळं, चामड्यासारखं. पात्यावर पाय ठेवून उभा राहिलो तरी जाईना, म्हणून थांबलो. लांबी एका पेटीएवढी, रुंदी त्याहून थोडी जास्त. आणि तिथे कोण कोण बसलंय त्यांना हेही सांगून ठेव, मनास: तू एकही वीट कापली नाहीस."

हे झोलेकासाठी मी इंग्रजीत करून सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. तिने मांडीवर थाप मारली. काळ्या थराबद्दलचं तिने पुन्हा ऐकलं, मग आपल्या कांडीच्या फोटोवर टेप धरली. तीन फावडी बरोबर तिथे येतात. म्हणाली, "मी दोन वर्षं समुद्राच्या उडीवर विचार करते आहे. ती तुमच्या भावाच्या पायाची होती." तिचं दोन वर्षांचं काम त्यात गेलं, पण तिने तोंड वाकडं केलं नाही. नव्या जागी नव्या कांड्या काढायच्या, असं त्याच दिवशी ठरवलं. पालिकेने तोवर सगळं थांबवलं आहे. तो माणूस उठताना मला म्हणाला, "मास्तर, तेवढं पेन टिचकवल्याबद्दल माफ करा." बरा आहे.

निरोपाचा दुसरा भाग मी सगळ्यांसमोर ऐकवला नाही. बाहेर पायरीवर बसून एकट्याने ऐकला. 'समुद्राला एवढी घाई नसेल तर असू दे तिला तिथेच. माझी सही मी परत घेतो. मी गेलो तेव्हा तिला तिथे ठेवून गेलो. ती तिथे आहे असं धरूनच मी इथे राहिलो.'

मला वाटायचं, तू सगळं टाकून गेलास आणि मी सगळं सांभाळत बसलो. बंदरावर मी जे बोललो नाही ते हेच होतं. आता ते बोलायचं कारण उरलं नाही, पण तू मनातलं सांगितलंस म्हणून मीही सांगितलं.

मनास

माळ, १० फेब्रुवारी २०१९

एफी,

अक्षर शार्मेनचं आहे, घाबरू नकोस. माझा हात हल्ली जरा थरथरतो आणि मुळाक्षरं गिरवणाऱ्या पोरासारखं दिसतं. बाकी ठीक. (बाकी ठीक नाही, पण बाबा सांगू देत नाहीत. शार्मेन.)

झोलेकाचं काम पुरं झालं. तिने खाजणाच्या पार पलीकडे तीन ठिकाणी कांड्या काढल्या, जिथे आपलं फावडं कधी गेलंच नव्हतं. लेटीमावशीला आणि मला खुर्च्यांवर बसवून तिने आधी विचारून घेतलं, "इथे कुणी काही कापलं? पुरलं? गाय बांधली?" आम्ही शपथेवर नाही म्हटलं.

या कांड्यांत उडी नाही. पाइनही हळूहळू वाढत जातो, जसा वाढायला हवा. आपले पणजोबा मिशनात आले तेव्हापासून आजीच्या लग्नापर्यंत समुद्र जवळजवळ जागच्या जागी, फार तर बोटभर. मग जरा चाल. तेव्हापासून आजवर सगळी मिळून वीतभर. त्यातही अगदी वरच्या थरात चाल आणखी वाढलेली. तिने मला सूक्ष्मदर्शकातून टोप्या दाखवल्या. मला नुसतं धुकं दिसलं, पण मी हो हो म्हटलं.

"उडी नाही, मास्तर," ती म्हणाली. "पण चालतो आहे, आणि थांबायचं नाव घेत नाही."

"आमच्या टेकाडाला किती वेळ आहे?"

"खालच्या उतारावर उधाणाचं पाणी तुमच्या नातवंडांच्या म्हातारपणी येईल. वादळ आलं तर आधीही. पक्की तारीख मी देणार नाही, एकदा देऊन चुकले."

आई खालच्या उतारावर आहे, तुला आठवत असेल. शेवटी गेलेल्यांना तिथेच जागा.

पालिकेने ठरवलं: घाई नाही. कबरी राहू द्या, तीस वर्षांनी पुन्हा पाहू. मधे कुणाला स्वखुशीने हलवायची असेल तर हलवा. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झाली, बँड वाजला, लोकांनी माझा हात हलवून हलवून आणखी थरथरायला लावला. मी जिंकलो, एफी. घरी येताना लेटीमावशी माझ्या दंडाला धरून चालत होती. म्हणाली, "तीस वर्षांनी पुन्हा पाहणार म्हणे. कोण पाहणार? तू आणि मी?"

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी शार्मेनला म्हटलं, मला टेकाडावर घेऊन चल.

तुला तिथली रीत माहीत आहे. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, घराणं बघत नाहीत, ज्या क्रमाने माणूस गेलं त्या क्रमाने रांगेत जागा. त्यामुळे आई बाबांशेजारी नाही, सुसाना जूर्स्टशेजारी आहे, जिच्याशी ती एका तव्यावरून मरेपर्यंत बोलली नाही. आडवे, साधे, सारखे दगड. वारा आणि मीठ यांनी खालच्या उतारावरची अक्षरं पार खाल्ली आहेत. मी आईच्या दगडावर हात फिरवला, काही लागलं नाही. शार्मेन चार पावलं पुढे जाऊन एका दगडापाशी थांबली आणि म्हणाली, "बाबा, ही ना आपली आजी?" ती सुसाना होती.

ती या घरात वीस वर्षं आहे. दर ईस्टरला येते.

(मला खरंच माहीत नव्हतं. शार्मेन.)

मनास

माळ, १८ मार्च २०१९

एफी,

आज अक्षर माझं आहे, लागेल तेवढं लाव.

मी सही केली. आईच्या नावापुढे आता माझी एकट्याची सही आहे, तुझी तू परत घेतलीस. फाइल पुन्हा अडली आहे, या वेळी तुझ्यासाठी.

पालिकेचा माणूस म्हणाला, "मास्तर, तुमच्या मनासारखंच झालं ना सगळं?" झोलेकाही धावत आली. "माझ्या कांड्यांमुळे का? त्या तर तुमच्या बाजूने आहेत."

मी म्हटलं, म्हणूनच. समुद्र उडी मारणार असता तर मी आईच्या दगडावर बसून राहिलो असतो, मला माझ्या हट्टाची लाज वाटली नसती. पण तो चालत येतो आहे, सावकाश, आणि पोचणार आहे. तो पोचेल तेव्हा फावडी घेऊन जे लोक येतील त्यांना तिथे ओळीने सारखे दगड दिसतील. ते काळजीने काम करतील, मी त्यांना नावं ठेवत नाही. ते प्रत्येक पेटीवर आकडा घालतील. आपल्या दारांवर ट्रक यायच्या आदल्या दिवशी घातला होता, तसा. आपल्या दारावर चौदा होता, म्हणजे आई चौदा नंबर होती. मला तिला पुन्हा नंबर होऊ द्यायचा नाही. कोणता दगड कुणाचा हे न वाचता सांगणारी माणसं दोन उरली आहेत, आणि त्यांतली एक दर ईस्टरला निरोप घेते. दुसऱ्याचं शार्मेन तुला सांगेलच, तिच्या पोटात काही राहत नाही.

जी माणसं तिला नावाने हाक मारायची, त्यांनीच तिला उचलावं. एवढंच माझं म्हणणं आहे. तुझी हरकत असेल तर मी वाद घालणार नाही. तू ज्या जागी तिला ठेवून गेलास ती जागा मी हलवायला सांगतो आहे, हे मला कळतं.

लेटीमावशीने सुसानासाठी सही केली. सुसाना तिची आई. म्हणाली, "क्रम तोच ठेवायचा. माझी आई तुझ्या आईशेजारीच जाणार. इतकी वर्षं जवळ झोपल्या, आता काय तव्याचं." मग म्हणाली, "पण तू तवा द्यायला हवा होतास." माझ्याकडे तो अजून आहे. खालच्या उतारावरच्या आणखी काही घरांनी सह्या केल्या. दगड कुणाचा ते आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून सांगणार.

मी एक अट घातली, ती मान्य झाली. ट्रक नाही. खांद्यावर न्यायचं, खाजणातून, आपल्या जुन्या वाटेने. ऑगस्टमध्ये, तिला नेलं त्या सुमारास. म्हणजे वाट घालावी लागेल, आणि विटा कशा कापायच्या ते इथल्या पोरांना कुणी शिकवलेलं नाही. झोलेकाला विचारलं, चालेल का. ती म्हणाली, चालेल, पण जिथे कापाल तिथे मी खुंट्या ठोकणार, नकाशात भरणार, म्हणजे शंभर वर्षांनी माझ्यासारखी कुणी बाई नळी घेऊन आली तर फसायला नको. मी तिला नियम सांगितला. एक फावडं खोल, त्याखाली नाही. ती म्हणाली, "हा नियम तुमच्या भावाला सांगा."

तर सांगतो आहे. सही पाठवू नकोस, घेऊन ये. तुझं जुनं फावडं मी तेल लावून ठेवलं आहे, दांडा नवा घातला. हाताचं कारण सांगून शार्मेन मला अडवेल, तरी पहिली वीट मी कापणार, म्हणजे तुझी ती तक्रार मिटेल. तेवढा वेळ तू गाडी धरून काठावर उभा राहा. चौथी ओळ अजून व्हायची आहे. सुचली तर म्हण, नाही तर ढकल.

मनास